मयेकर काकांचं बाकडं

मयेकर काकांनी मला पहिल्या दिवशी जे काम सांगितलं ते ऐकून मला वाटलं, हे गृहस्थ माझी थट्टा करतायत. नेमणुकीचं पत्र हातात घेऊन मी जिन्याखालच्या त्यांच्या खोलीच्या दारात उभी होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पत्र उघडलंच नाही, आणि बाहेर बोट केलं.

"ते बाकडं दिसतं? त्याच्यावर जाऊन बस. एक वाजता ये."

"बसून काय करू?"

"बसायचं गो बाय. बसण्यात आणि काय करायचं असतं?"

आमचं रुग्णालय ट्रस्टचं. रत्नागिरीत, मांडवीला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. तळमजल्यावर एक्स-रे, सोनोग्राफी आणि सिटी स्कॅन, आणि या तिन्ही दारांसमोर ते एकच लांब लाकडी बाकडं. त्याचा एक पाय कधीतरी मोडला होता, तो काकांनी जहाजावरचा जाडजूड पितळी बोल्ट लावून बसवला होता. व्यवस्थापक सावंत सरांना इंग्रजी कागद वाचणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मला घेतलं होतं. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची पत्रं, अहवाल, देखभालीचे करार. "मशीनचे कागद मयेकरांबरोबर बसून बघत जा," सर म्हणाले होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. कागद मला भराभर कळत. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र इंग्रजी आणि मराठी दोन्ही एकदम पळून जात.

मी एकपर्यंत बाकड्यावर बसले. एकला काकांनी विचारलं, "कोण कोण होतं?"

मी सांगितलं. लांज्याहून आलेले एक आजोबा, डॉक्टरांची चिठ्ठी पावाच्या पिशवीत गुंडाळून आणलेली. मिरकरवाड्याची एक बाई, माशांचा लिलाव अर्धा टाकून आलेली, बांगड्यांना खवले तसेच चिकटलेले. एक नवरा-बायको, जे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, पण तिची चप्पल तुटली तेव्हा त्याने स्वतःची काढून तिला दिली.

"आणि आल्या आल्या प्रत्येकाने काय विचारलान?"

मी आठवून पाहिलं. डॉक्टर आहेत का, असं नाही. किती वेळ लागेल, असंही नाही. "मशीन चालू आहे ना, असं."

"हां." काकांनी पहिल्यांदा माझं पत्र उघडून वाचलं. "बाकी सगळं मागनं विचारतात. आधी, चालू हाय ना. तेवढंच आपलं काम. बघतेस बरं तू. बोलत नाहीस तेवढंच वाईट."

रमाकांत मयेकर हे त्यांचं पूर्ण नाव. राहायला मांडवीत. उभं आयुष्य बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेलं. निवृत्त होऊन आल्यावर घरात बसवेना, म्हणून ट्रस्टने वर्षाच्या नेमणुकीवर ठेवून घेतलं, आणि ती नेमणूक दर एप्रिलला नवी होत राहिली. काळेसावळे, सडपातळ, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. बाकीचे लोक खिशाला पेन लावतात, त्यांच्या खिशाला टेस्टर असे. आमच्या गुळगुळीत फरशीवरूनही ते पाय थोडे फाकून चालत, जणू जमीन केव्हाही कलेल.

बाकड्याचा नियम माझ्यापुरता नव्हता. पुण्या-मुंबईहून देखभालीचे करार विकायला माणसं येत. चकचकीत बूट, गळ्यात ओळखपत्र, बॅगेत रंगीत पत्रकं. काका त्यांना चहा विचारत नसत. "आधी बाकडं. एक तास. चहा मग." काहींना ती रुग्णालयाची पद्धतच वाटे, मुकाट बसत. एकजण चिडून म्हणाला, "मी मॅनेजरना भेटायला आलोय. पेशंट नाही मी."

"मग भेटा की. मॅनेजर वर हायत," काका शांतपणे म्हणाले. तो तरातरा जिना चढून गेल्यावर माझ्याकडे वळले. "मशीन बंद पडल्यावर ह्याला फोन केलास ना, तर हा असाच वर जाईल."

उलट, एसीच्या कंपनीचा एक माणूस तासभर बसला, शेजारच्या आजीला तिचा नंबर वाचून दाखवला, आणि उठताना म्हणाला, "तुमच्या एसीचं पाणी बाकड्याच्या त्या टोकाला ठिबकतं. बसणाऱ्यांचे पाय ओले होतात." त्याचा करार त्याच दिवशी झाला. चहाबरोबर काकींनी डब्यात दिलेले घावनेही त्याला मिळाले.

करार वाचायची आमची पद्धत ठरलेली होती. मी इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. काका डोळे मिटून ऐकत. 'कंपनी आपला प्रतिनिधी पाठवील' हे वाक्य आलं की डोळे उघडत.

"येणार कोण?"

"कंपनीचा इंजिनियर."

"नाव काय त्याचं? राहतो कुठे?"

मग मी त्या विक्रीवाल्याला विचारायचं, आणि त्याला ते माहीत नसायचं. एकाने कोल्हापूर सांगितलं. काका म्हणाले, "आणि आंबा घाटात दरड पडली की?"

"ती नैसर्गिक आपत्ती झाली, काका. त्याला कंपनी जबाबदार नाही. करारात तसं कलम आहे."

"आपत्ती?" काकांना खरोखर नवल वाटलं. "अरे मेल्या, घाटातली दरड आपत्ती नाय. ती आमच्या पंचांगात हाय."

स्वतःच्या हातांवर त्यांचा फार भरवसा होता. जुनं एक्स-रे यंत्र त्यांनी कितीतरी वेळा चालू करून दिलं होतं. शंकरपाळ्यांच्या एका मोठ्या डब्यात जुने स्विच, वायरींचे तुकडे, स्क्रू, फ्यूज ठेवलेले असत. दर गुरुवारी दुपारी ते एक बारीक ब्रश घेऊन विजेचे सगळे जोड साफ करत, कारण समुद्राची खारी हवा बंद खोलीतही शिरते आणि पितळ खाते. "दिसत नाय म्हणून नाय असं नाय हां," ब्रश फिरवत ते म्हणत. आणि कुणी कौतुक केलं की ठरलेलं वाक्य, "बोटीवर कंपनी येत नाय. बोटीवर आपणच कंपनी."

खंडेनवमीला आमच्या आयाबाई यंत्रांची पूजा करायच्या. एका वर्षी जुन्या यंत्राच्या पंख्यात कुंकू जाऊन पंखा अडकला. ती पूजा काकांनीच हौसेने केली होती, हे ते स्वतःहून सांगत. तेव्हापासून सिटी स्कॅनच्या दाराला फक्त झेंडूचं तोरण. आयाबाई रुसल्या, "वर्षाचा सण, आणि हळदकुंकू लावायचं नाय म्हणजे काय?" काका म्हणाले, "लावा ना. बाकड्याला लावा." मग खरोखरच बाकड्याला पाच बोटं हळदकुंकू लागलं, बोल्टला फूल आणि पुढ्यात नारळ. त्या दिवशी येणारे पेशंट बसू की नको अशा पेचात उभेच राहिले. शेवटी काका स्वतः जाऊन मध्ये बसले.

मी लागल्यावर दोन वर्षांनी सिटी स्कॅनची हमी संपत आली. हमी होती तोवर यंत्राच्या आतलं सगळं कंपनी बघत असे. आता ट्रस्टला ठरवायचं होतं. तीन वाटा होत्या. एक, सर्वसमावेशक करार, म्हणजे माणूसही कंपनीचा आणि सामानही कंपनीचं. दुसरा स्वस्त करार, माणूस त्यांचा, सामान आपलं. तिसरी वाट म्हणजे करारच करायचा नाही, बिघडलं तर बोलवायचं. पैसा ट्रस्टचा, म्हणजे लोकांनी दिलेला, त्यामुळे विश्वस्तांचा ओढा तिसऱ्या वाटेकडे होता. काकांचाही. त्याला कारण होतं. जुन्या यंत्राचा असाच करार त्यांनी पूर्वी पाहिला होता. वर्षातून दोनदा एकजण येई, फडकं मारी, कागदावर सही घेई आणि थिबा राजवाडा बघायला जाई. "फडकं माझ्याकडे हाय," काका सगळ्यांना सांगत. "यूपीएस मी बघतो, एसी आपला बरा हाय, वायरिंग माझं. कशाला करार?" बैठकीच्या आठवडाभर आधीच हे त्यांनी सावंत सरांना, डॉक्टरांना, अगदी आयाबाईंनाही सांगून टाकलं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी कागद वाचत होते. कंपनीच्या इंजिनियरने हमीतल्या शेवटच्या भेटीत लिहिलेल्या अहवालाच्या चौथ्या पानावर, बारीक अक्षरात, एक ओळ होती. सिटी स्कॅनच्या पोटात एक ट्यूब असते, तिच्यातून किरण निघतात. दिव्यासारखीच ती कधीतरी जाणार असते. फरक एवढाच की ती दुकानात मिळत नाही, आणि यंत्रातल्या सगळ्यात महाग वस्तूंपैकी ती एक. त्या ओळीत म्हटलं होतं, ट्यूब जुनी होत आली आहे, बदलण्याची तयारी ठेवावी.

संध्याकाळी पेशंट गेल्यावर काका आणि मी बाकड्यावर बसलो. त्यांनी विचारलं, "कागदात काय विशेष?"

ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी बोलायचं भाषण त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. त्यात बोट होती, वादळ होतं, आणि शेवटी 'आपणच कंपनी' होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "नेहमीचंच आहे."

बैठकीत भाषण चांगलं झालं. करार केला नाही.

पुढच्या भाद्रपदात, गौरी-गणपती जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा सकाळी साडेनऊला सिटी स्कॅन बंद पडलं. काकांनी यूपीएस तपासला, एसी तपासला, जोड न् जोड साफ केला. यंत्र पडद्यावर एकच चूक दाखवत राहिलं. कंपनीला फोन केला. करार असलेल्यांकडे आधी जावं लागतं, असं त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं. त्यांचा माणूस चौथ्या दिवशी आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ट्यूब गेलीय. मागवायला लागेल."

ट्यूब येईपर्यंत सगळे मिळून सतरा दिवस गेले. त्या दिवसांत मी बाकड्यापाशीच असे, कारण येणाऱ्यांना सांगायला कुणीतरी हवं होतं. सहाव्या दिवशी पालीहून एक आजोबा आजींना घेऊन रिक्षाने आले. आजींचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. आजोबांनी बाकड्याचा हात धरत विचारलं, "मशीन चालू आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

"हो ना?" त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं.

मला पुन्हा सांगावं लागलं. "बंद आहे. बंद आहे, आजोबा."

डॉक्टर धावत आले. पक्षाघातात डोक्याचा स्कॅन झाल्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही, आणि गावातलं दुसरं यंत्र त्या दिवशी मिळालं नाही. कोल्हापूर गाठायचं ठरलं. रुग्णवाहिकेत बसताना आजोबा जरा थांबले. कोल्हापूरचा रस्ता पालीवरूनच जातो.

"म्हणजे आमच्या दारावरनंच जायचं," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. रस्ता समजून घ्यावा तसं.

काका स्कॅनच्या दारात उभे होते. हातात ब्रश होता. तो त्यांनी खिशात ठेवायचा प्रयत्न केला आणि तो खाली पडला. उचलायला ते वाकले नाहीत.

यंत्र चालू झाल्यानंतरच्या रविवारी काका म्हणाले, "पालीला जायचं. तू पण चल." आम्ही एसटीने गेलो. पत्ता मीच रजिस्टरवरून लिहून घेतला होता. बाजारापासून आत, चिऱ्यांचं घर, पुढे पडवी. आजी खुर्चीत होत्या. तोंड बरंचसं सुधारलं होतं, हात नाही. आजोबांनी आम्हाला ओळखलं आणि आत जाऊन कोकम सरबत करून आणलं. आजींना पाहुण्यांना पेला स्वतःच्या हाताने द्यायचा होता. डावा हात थरथरला, अर्धं सरबत काकांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. काकांनी उरलेलं अर्धं सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि म्हणाले, "झकास झालंय वहिनी."

"स्कॅन आणखी लवकर झाला असता तर?" काकांनी विचारलंच.

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही," आजोबा म्हणाले. "हात झालाही असता बरा, नसताही झाला. तुमचं चालू झालं ना आता? मग ठीक. आमच्याकडची बरीच माणसं तुमच्याकडेच येतात."

परत येताना आम्ही पालीच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत उभे होतो. कोल्हापूरकडचे ट्रक जात होते. मी कधीपासून मनात जुळवत असलेलं वाक्य म्हटलं.

"काका, ट्यूब जाणार हे मला माहीत होतं."

ते रस्त्याकडेच बघत राहिले. "कधीपासनं?"

"बैठकीच्या आदल्या दिवसापासून. अहवालात लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, काय विशेष. मी नाही म्हटलं."

"का गो?"

"तुम्ही सगळ्यांना आधीच सांगितलं होतंत. आणि मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

एसटी आली. काकांनी मला खिडकीजवळची जागा दिली, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी असताना दोन बाकं पुढे जाऊन बसले. रत्नागिरी येईपर्यंत मला त्यांची मान दिसत होती आणि शर्टाच्या खांद्यावरचा कोकमाचा एक लाल शिंतोडा.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी बाकड्यावर बसून त्यांनी शेजारची फळी थोपटली.

"माझं चुकलं ते मोठं," ते म्हणाले. "बोटीवर आपणच कंपनी, असं सगळ्यांना सांगत फिरलो इतकी वर्षं. पण बंदर सोडायच्या आधी बोटीचं स्टोअर सुट्या सामानाने गच्च भरून घ्यायचे, हे सांगायचं विसरलो. सामान असलं की इलेक्ट्रिशियन हुशार दिसतो. इथे शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी हुशार झालो." मग माझ्याकडे वळले. "तुझं काय चुकलं, माहीत हाय?"

"बोलले नाही."

"माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसलीस. माझं तोंड काय एवढं बघण्यासारखं हाय काय गो?"

मला हसू आलं, आणि त्याच्याच मागोमाग रडू. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसले. माझं आटोपल्यावर म्हणाले, "आता सगळ्या कंपन्यांचे कागद परत मागव. मीटिंगमध्ये तू वाचायचंस. मी नाय. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

सर्वसमावेशक करार या वेळी होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. त्याचे कागद आले. बैठकीच्या आदल्या रात्री ते घरी वाचताना मला सोळावं कलम दिसलं. यंत्र, त्याचा यूपीएस, त्याचा एसी आणि त्या खोलीतली वीजजोडणी, यांपैकी कशालाही कंपनीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर करार रद्द होईल. मी ते तीनदा वाचलं. काकांकडे जे काम होतं ते हेच होतं. उरले असते दिवे आणि नळ, आणि तेवढ्यासाठी ट्रस्ट कुणाला वर्षभर ठेवून घेणार नव्हता, हे मलाही कळत होतं. काका इतक्या वर्षांत गुरुवारी कधी घरी बसले नव्हते.

सकाळी बाकड्यापाशी त्यांनी विचारलं, "तयारी झाली?" मी म्हटलं, "हो." आणखी काही म्हटलं नाही. तीच चूक, त्याच जागी.

बैठकीत विश्वस्त होते, सावंत सर होते, कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याने सकाळी बाकड्यावरचा तास पूर्ण केला होता. मी वाचायला लागले. माझा आवाज सुरुवातीला मलाच ऐकू येत नव्हता. "मोठ्याने," काका म्हणाले. मी मोठ्याने वाचलं. ट्यूब करारात होती, ते वाचलं. चोवीस तासांत माणूस येईल, ते वाचलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने झालेलं नुकसान करारात नाही, ते वाचलं तेव्हा काका प्रतिनिधीला म्हणाले, "मग रत्नागिरीत मशीन विकलंत कशाला? सोलापुरात विकायचंत," आणि सगळे हसले. तेवढ्या हशात मी पंधरावं कलम संपवलं आणि थांबले.

सतरावं वाचलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. मराठीत सांगणारी मीच होते. मी मान वर करून काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

काकांनी ते ओळखलं. त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. आता मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट.

मी सोळावं कलम वाचलं. मराठीत सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

मग सावंत सर म्हणाले, "म्हणजे मयेकर..."

"म्हणजे मयेकरांनी हात लावायचा नाय," काका खिडकीकडे बघतच म्हणाले. "बरोबर हाय. दोघांचे हात लागले की चूक कोणाची ते कळत नाय. पुढे वाच गो."

शेवटी त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. खाऱ्या हवेचं कलम काढायचं. आणि घाट बंद असला तरी चोवीस तास ते चोवीस तासच; पावसाळ्याचे चार महिने एक माणूस घाटाच्या अलीकडे ठेवायचा. प्रतिनिधी म्हणाला, वर विचारावं लागेल. काका म्हणाले, "विचारा. आम्ही बाकड्यावर बसतो." तीन आठवड्यांनी दोन्ही गोष्टी लिहून आल्या. खाली त्या माणसाचं नावही होतं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल त्यांनी घेतली, भाषण केलं नाही. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "बाकडं करारात नाय ना गो?"

"नाही."

"मग ह्याला मी हात लावू शकतो." खाली बसून त्यांनी तो पितळी बोल्ट पान्याने घट्ट केला. त्यानंतरही ते महिना-दीड महिन्याने येत. "बोल्ट ढिला झाला असेल," म्हणत. तो कधीच ढिला झालेला नसे. तरी पाना लावत, मग चहा घेत, आणि स्कॅनच्या दाराकडे पाठ करून बसत.

काका जाऊन आता वर्ष होत आलं. खंडेनवमीला आयाबाई अजून बाकड्याला हळदकुंकू लावतात. गेल्या महिन्यात करार पुन्हा करायची वेळ आली आणि एक नवा प्रतिनिधी आला. त्याने मला इंग्रजीत विचारलं, कुणाला भेटायचं. मी मराठीत सांगितलं, आधी बाकडं, एक तास, चहा मग. तो बसला. त्याच्याजवळ उभी असताना मला काका त्या बाकड्यावर शेवटचे बसले ती सकाळ आठवली.

ते काकींबरोबर आले होते. शर्ट पांढराच, इस्त्री तशीच, पण आत माणूस कमी झाला होता. खिशाला टेस्टर नव्हता. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती, पोटाच्या स्कॅनची. बाकडं भरलेलं होतं. एका बाईने सरकून त्यांना टोकाला जागा दिली, त्या बोल्टच्या पायाकडे. मी समोर गेले तर त्यांनी खाली वाकून बोल्टकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि या यंत्राचा जोड न् जोड ठाऊक असलेल्या माणसाने, बाकीचे सगळे विचारतात तसंच, जरा घाबरत विचारलं,

"चालू हाय ना गो?"

"चालू आहे, काका," मी म्हटलं. बाकड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "चालू आहे."